सातवा गठ्ठा

महसूल खात्यात नव्यानं लागलेल्या कारकुनाला टेबल मिळालं की पहिल्या काही दिवसांतच सहा गठ्ठ्यांची पद्धत शिकवली जाते. टेबलावरचा, कपाटातला, पायाशी दोरीनं बांधून ठेवलेला प्रत्येक कागद या सहांपैकी एका गठ्ठ्यात बसलाच पाहिजे. ज्यावर आत्ता काम करायचं ती चालू प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तरावाचून अडलेली प्रतीक्षाधीन प्रकरणं, ठरल्या तारखेला वर पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेशांच्या संचिका, काम संपून अभिलेख कक्षात जायची प्रकरणं आणि मुदत संपल्यावर नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. राज्यभरच्या सरकारी कचेऱ्यांत ही मांडणी ‘लखिना पॅटर्न’ या नावाशी जोडली गेली आहे, आणि तो पॅटर्न आमच्याच जिल्ह्यातला. १९८०च्या दशकात अनिलकुमार लखिना तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी कलेक्टर कचेरीच्या दप्तराची घडी नव्यानं बसवली आणि इथून ती राज्यभर गेली. १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा जिल्हा. कागदही त्याच मापानं येणार. या पद्धतीत नोकरी काढल्यावर तिच्याविषयी आदरच वाटतो. पण तिनं न मोजलेला एक सातवा गठ्ठाही असतो, आणि चालढकल म्हणजे काय हे कुठल्याही पुस्तकापेक्षा मला त्या गठ्ठ्यानं जास्त शिकवलं.

सातवा गठ्ठा टेबलावर नसतो. तो खालच्या ड्रॉवरमध्ये, नाहीतर खुर्चीमागच्या खिडकीत, नाहीतर घरून आणलेल्या रेक्झिनच्या पिशवीत असतो, आणि बदली होऊन चार्ज द्यायची वेळ येईपर्यंत कुणाच्या नजरेला पडत नाही. चार्ज देताना तो सुटला की पहिल्यांदा ध्यानात येतं ते हे, की त्यातले कागद अवघड नसतात. बिनशेतीची किचकट प्रकरणं, इनाम जमिनींचे वाद, भूसंपादनाचे निवाडे, ही डोकं खाणारी कामं चालू गठ्ठ्यात असतात आणि रडतखडत का होईना, पुढे सरकतात. सातव्या गठ्ठ्यात सापडतो तो एक पानी अर्ज. उजव्या कोपऱ्यात आवकचा गोल शिक्का, त्यात निळ्या शाईनं भरलेला क्रमांक. समासात वरिष्ठांचा तिरका शेरा, ‘नियमानुसार कार्यवाही करावी’. टाचणी गंजून कागदाला तांबूस डाग पडलेला. आणि घडीवर कागद मऊ झालेला. हा मऊपणा नीट पाहण्यासारखा असतो. विसरलेला कागद वर्षानंतरही कडक राहतो. मऊ होतो तो पुन्हा पुन्हा उघडून, वाचून, घडी घालून परत ठेवलेला. म्हणजे त्या माणसाला कागद आठवत होता. किंबहुना दुसऱ्या कुठल्याही कागदापेक्षा तो जास्त आठवत होता.

असे कागद कोणते असतात हे पाहत गेलं की काही ठरावीक जाती दिसू लागतात. ज्याला नाही म्हणायचं आहे, पण तोंडावर म्हणवत नाही, अशा म्हाताऱ्या अर्जदाराचा अर्ज. आधीच्या कारकुनानं सातबाऱ्यावर केलेली चूक, जी दुरुस्त करायची तर ती कुणाची हे लिहावं लागेल. ओळखीच्या माणसाविरुद्धची तक्रार. ज्याच्यावर टिप्पणी मांडली की साहेब भडकणार हे नक्की, असं पत्र. आणि सर्वांत मोठी जात म्हणजे नेमकं काय करायचं हेच कुणाला ठाऊक नसलेला कागद. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ हा शेरा या शेवटच्या जातीचा जन्मदाता. कोणत्या नियमानुसार, कोणती कार्यवाही, हे वरिष्ठांना माहीत असतं तर त्यांनी ते लिहिलं असतं. स्वतःची चालढकल खालच्या टेबलावर ढकलण्याचा याहून सभ्य मार्ग प्रशासनात अजून सापडलेला नाही. माझं म्हणणं या गठ्ठ्यातूनच निघालेलं आहे. माणूस काम टाळतो ते आळसानं क्वचित. ज्या कामाचं पुढचं पाऊल ठरलेलं नाही आणि ज्याला हात लावला की काहीतरी नकोसं वाटतं, ते काम तो टाळतो. म्हणून त्यावर उपदेश चालत नाही, नुसता धाकही चालत नाही. पुढचं पाऊल कोणतं हे कुणीतरी ठरवून द्यावं लागतं, त्याला तारीख घालावी लागते आणि ती तारीख दुसऱ्या कुणाला दिसावी लागते.

आळसाचा आरोप किती पोकळ आहे हे निवडणुकीत दिसतं. ज्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये वर्षभराचे एक पानी अर्ज पडून आहेत, तोच कारकून मतदार याद्या, मतदान यंत्रांचं वाटप, केंद्रांचं साहित्य यांत रात्री ११-११ वाजेपर्यंत उभा असतो. अवकाळीनं डाळिंब झोडपलं की तोच तलाठी चिखलात बांधाबांधानं हिंडून पंचनामे करतो. आळशी माणसाला हे जमत नाही. फरक इतकाच, की निवडणुकीत प्रत्येक पायरी आधी ठरलेली असते, तिला तारीख असते आणि कुणाचं मन दुखवायचं नसतं. मानसशास्त्रज्ञांनाही हे अलीकडे पटलेलं दिसतं. फ्युशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलं, की चालढकलीचा संबंध वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सावरण्याशी जास्त आहे. काम बाजूला सारलं की त्या घटकेपुरतं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचं बिल पुढच्या आठवड्यातल्या स्वतःवर फाडलं जातं. आमच्या नेवाशाच्या मातीत ज्या ग्रंथावर ज्ञानेश्वरांनी टीका सांगितली, त्या गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणं देताना खिन्नता आणि कामाची रखड शेजारीशेजारी ठेवली आहेत. सातवा गठ्ठा उघडून बसलेला माणूस पाहिला की या शेजारणी एकत्र का बसवल्या ते कळतं. त्याचा चेहरा सुस्तावलेला नसतो, उतरलेला असतो.

या उतरलेल्या चेहऱ्यामागे आणखी एक गोष्ट काम करते. कागद आठ दिवस राहिला तर तो नुसता राहिलेला असतो. तीन महिने राहिला की त्यावर टिप्पणी लिहिताना पहिल्या ओळीतच उशिराचं कारण द्यावं लागतं, आणि कारण तर नसतंच. म्हणजे मूळ काम दहा मिनिटांचं, पण त्याच्या अंगावर आता लाजेचा थर चढलेला. सहा महिन्यांनी अर्जदाराचं स्मरणपत्र येतं. ते मूळ अर्जाला टाचून दोन्ही खाली जातात. मग अर्जदार लोकशाही दिनात तक्रार करतो, नाहीतर माहितीच्या अधिकारात ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ असं विचारतो. आता कागदात भीतीही मिसळली. जो कागद पहिल्या दिवशी कुणीही सहज निकाली काढला असता, तो वर्षानं त्या टेबलावरचा सर्वांत जड कागद होतो, आणि त्याचं वजन वाढवणारा एकच घटक असतो: झालेला उशीर. इथे खरडपट्टी काढणारा अधिकारी नेमकं उलटं करतो. बैठकीत दहा जणांसमोर झाडलेल्या माणसाच्या सातव्या गठ्ठ्यातून दुसऱ्या दिवशी कागद बाहेर आल्याचं पाहण्यात नाही. गठ्ठा ड्रॉवरमधून घरी गेल्याचं मात्र दिसतं. जे थोडे अधिकारी ‘किती दिवस झाले ते विचारत नाही, जे आहे ते शुक्रवारी टेबलावर आणा’ एवढंच म्हणत, त्यांच्या कचेरीत गठ्ठे सुटत.

वेळ मिळाला की करू, हे वाक्य या जिल्ह्यातल्या माणसानं तरी जपून वापरावं, कारण वेळ भरपूर असला म्हणजे काय होतं याचा पुरावा नगरच्या किल्ल्यात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य तिथे कैदेत आले. जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं ते एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत. म्हणजे पहिले २० महिने, ना सभा ना दौरे अशा अवस्थेत, हे पुस्तक सुरू झालं नव्हतं. याला चालढकल म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. कैदेतल्या माणसाच्या मनाचा हिशेब बाहेरच्यानं मांडू नये. पण त्याच किल्ल्यात, त्याच दिवसांत मौलाना आझाद पत्रं लिहीत होते, जी पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावानं १९४६ मध्ये पुस्तकरूपानं आली. ती टपालात पडणार नव्हती, तरी ती एका ठरावीक मित्राला उद्देशून, तारीख घालून लिहिली जात, आणि त्यांची सुरुवात १९४२च्या ऑगस्टमध्येच झाली होती. एका बैठकीत संपणारं पत्र लगेच सुरू होतं. देशाचा सारा इतिहास कवेत घेणारा ग्रंथ थांबून राहतो. दोन वेगळ्या प्रकृतीची माणसं होती हे मान्य. तरी ‘निवांतपणा मिळाला की मोठं काम आपोआप सुरू होतं’ ही समजूत त्या भिंतींत टिकत नाही.

यावर पहिला आक्षेप चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. लोक म्हणतात, कसली भावना आणि कसली लाज, कागद अडतो तो पैशासाठी. अडवणूक आहे, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग काही उगाच चालवलेला नाही. पण अडवणूक आणि चालढकल हे दोन वेगळे रोग आहेत, आणि त्यांच्यातला फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. ‘माझा कागद कुठे आहे?’ असं विचारा. अडवणूक करणाऱ्याला कागद नेमका कुठे आहे हे तत्काळ सांगता येतं. तो त्याचा माल असतो, त्यावर त्याची नजर असते. चालढकल करणारा गडबडतो, आवकची वही उलटतो, दोन दिवसांनी या म्हणतो, आणि तुम्ही गेल्यावर त्याचा दिवस खराब जातो. पहिल्याला सापळाच हवा. दुसऱ्यावर सापळा लावून काही हाती लागत नाही, आणि दोघांना एकाच मापानं मोजलं तर पहिल्याला दुसऱ्याच्या आड लपायला आयती जागा मिळते. सातव्या गठ्ठ्यावर इतकं बोलण्याचं हेही एक कारण आहे, की तो मोकळा केला तर लपायला आडोसा उरत नाही. आणखी एक प्रकार यातून वगळायला हवा. निळवंडे धरणाची कल्पना १९७० सालची. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ रोजी, आणि प्रकल्पाचा खर्च ५,१७७ कोटींच्या घरात गेला. तिथे जागा, पुनर्वसन, निधी, राजकारण, सगळं गुंतलेलं होतं. एका टेबलाच्या स्वभावानं ५० वर्षं समजावून सांगता येत नाहीत, तसा प्रयत्नही करू नये.

दुसरा आक्षेप कामाच्या बोज्याचा. एका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन सजे, पदं रिकामी, त्यात प्रत्येक नवी योजना महसूलच्याच माथी. हे सगळं खरं आहे, आणि ज्यानं हे भोगलेलं नाही त्यानं कारकुनाला शहाणपण शिकवू नये. पण बोजा किती कागद राहिले ते सांगतो. कोणते राहिले ते सांगत नाही. ४० कागदांपैकी ३० निघतात आणि १० राहतात. हे १० जर नुसते रांगेतले शेवटचे असते तर बोज्याचं उत्तर पुरलं असतं. ते शेवटचे नसतात. त्यांच्यानंतर आलेले सोपे, निरुपद्रवी कागद निघून गेलेले असतात. उत्पन्नाचा दाखला पंधरा मिनिटांत निघतो आणि त्याच्याआधी आलेला, ‘माझं नाव चुकून कमी झालं आहे’ असं सांगणारा विधवेचा अर्ज तिथेच राहतो. माणसं दुप्पट केली तरी ही निवड बदलत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. रिकामी पदं भरावीतच.

मग कायदा आहे ना? आहे, आणि त्याचंही मूळ बऱ्याच अंशी याच जिल्ह्यात आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी लावून धरलेल्या आंदोलनांमधून माहितीचा अधिकार जसा राज्यात आला, तसाच बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५चा कायदाही आला. तो १ जुलै २००६ पासून लागू झाला, आणि लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. सर्वसाधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर ४५ दिवसांत आणि जायची असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. जाणूनबुजून केलेला विलंब शिस्तभंगाला पात्र. पुढे २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आला, त्यात दंडही आला. या कायद्यांनी काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. ठरावीक साच्याच्या सेवा, म्हणजे दाखले, उतारे, नकला, यांच्या बाबतीत मुदतीनं खरोखर फरक पाडला, कारण तिथे पुढचं पाऊल आधीच ठरलेलं असतं. पण सातव्या गठ्ठ्यातल्या कागदाला नुसती मुदत लावली की तो एक विलक्षण चाल शिकतो. तो हलू लागतो. सातव्या दिवशी त्यावर एक पृच्छा निघते: ‘अर्जासोबत अमुक उतारा जोडलेला नाही, पूर्तता करावी.’ उतारा आला की आठ दिवसांनी दुसरी पृच्छा: ‘प्रतिज्ञापत्र जोडलेलं नाही.’ नंतर मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल मागवला जातो, अहवाल आला की भूमी अभिलेखचा अभिप्राय. प्रत्येक टेबलावर कागद सात दिवसांच्या आत. निर्णय कुठेच नाही. कागद चालला म्हणजे काम झालं असं नव्हे, ही गोष्ट आकडेवारी मागणाऱ्याला कधी कळत नाही, कारण त्याच्या तक्त्यात प्रलंबित हा रकाना शून्य दिसतो. मुदतीनं चालढकल जात नाही. पुढचं पाऊल ठरलेलं नसेल तर तिला नुसते कामसूपणाचे कपडे चढतात. यावरचा साधा उपाय काही कचेऱ्यांनी केला: त्रुटी काढायची तर सगळ्या एकाच पत्रात, दुसऱ्यांदा त्रुटी काढायची असेल तर साहेबांची सही. एवढ्यानं टोलवाटोलवी निम्म्यावर येते.

डॅन एरिअली आणि क्लाउस व्हेर्टनब्रोख यांचा २००२ मधला एक प्रयोग इथे कामाचा आहे. विद्यार्थ्यांना तीन आठवड्यांत तीन मजकुरांतल्या चुका शोधून द्यायच्या होत्या. ज्यांना समान अंतरानं मुदती लावून दिल्या त्यांचं काम सर्वांत चांगलं झालं. ज्यांनी आपल्या मुदती आपणच ठरवल्या ते मधे राहिले. सगळं एकदम शेवटी द्या म्हटलेल्यांचं सर्वांत वाईट. यातून ‘मुदत हवी’ एवढंच उचललं जातं. मला महत्त्वाचं वाटतं ते तुकडे आणि त्यांच्यातलं समान अंतर. लखिना पॅटर्नबरोबर रुळलेली कार्यविवरण नोंदवही, आमच्या बोलीत वर्कशीट, हेच करत असे. आलेला प्रत्येक कागद तारखेनिशी तीत उतरायचा, काय केलं ते समोर लिहायचं, आणि आठवड्याला त्याचा गोषवारा काढून वरिष्ठांपुढे ठेवायचा. गोषवाऱ्यातला ‘शिल्लक’ हा आकडा एखाद्या कागदाला लपू देत नाही. पण वही प्रामाणिकपणे भरली जायची ती तिथेच, जिथे अव्वल कारकून शिल्लक आकडा वाचून ‘का?’ विचारण्याऐवजी ‘यात पुढे काय करायचं?’ असं विचारी. एखादी शेतरस्त्याची केस घ्या. ‘रस्ता केस निकाली काढणे’ असं लिहिलं तर ती वर्षभर राहील; दोन्ही बाजू भांडणार, दगड उचलणार, पोलीस लागणार, हे सगळं त्या चार शब्दांत दडलेलं आहे. ‘बुधवारी सकाळी ११ वाजता स्थळपाहणी, दोघांना नोटिसा आज’ असं लिहिलं की काम नोटिशीपुरतं उरतं, आणि नोटीस तर छापील असते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं अनेक प्रयोगांतून हेच दाखवलं: काय करायचं एवढंच ठरवणाऱ्यापेक्षा केव्हा, कुठे, कसं हेही आधी ठरवून ठेवणाऱ्याच्या हातून काम होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आमच्या अव्वल कारकुनांनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

कुणी म्हणेल, सगळंच झटपट करणं हा काही गुण नाही. महसुली निर्णयात घाई केली तर एखाद्याची जमीन जाते. अगदी बरोबर. फेरफाराची नोटीस काढल्यावर हरकतींसाठी १५ दिवस थांबावंच लागतं, आणि ते थांबणं हाच न्याय आहे. दुसरी बाजू न ऐकता दिलेला आदेश अपिलात टिकत नाही आणि टिकूही नये. पण म्हणून तर सहा गठ्ठ्यांत प्रतीक्षाधीन हा स्वतंत्र गठ्ठा आहे. त्यातल्या प्रत्येक कागदावर आपण कशाची वाट पाहतो आहोत आणि कोणत्या तारखेला पुन्हा पाहणार आहोत, हे लिहिलेलं असतं. या दोन प्रश्नांची उत्तरं देता येत असतील तर ते थांबणं आहे. येत नसतील तर तो कागद सातव्या गठ्ठ्यातला, मग त्याला सखोल विचार म्हणा की आणखी काही.

हा रोग कचेरीपुरता आहे असं मानून शेतकऱ्यानं हसू नये. सातबाऱ्यावरची वारस नोंद हा गावाचा सातवा गठ्ठा आहे. महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. प्रत्यक्षात आजोबा जाऊन २० वर्षं झाली तरी उतारा त्यांच्याच नावानं निघतो. विचारलं तर ‘वेळच झाला नाही’ हे उत्तर मिळतं. त्याच घरातून सोसायटीच्या कर्जासाठी, उसाच्या नोंदीसाठी, लग्नपत्रिका वाटण्यासाठी तालुक्याला शंभर खेपा झालेल्या असतात. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत असतं: नोंद करायची म्हटलं की बहिणींची नावं येणार, वाटणीचा विषय निघणार, दोन भावांतलं जे बोललं गेलेलं नाही ते बोलावं लागणार. आज नोंद न केल्याचा तोटा लांबचा आणि पुसट, नोंद करण्याचा त्रास आजचा आणि दारातला. २०१९ मध्ये पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये सुरू झाले आणि ज्यांचं नाव लागलेलं नव्हतं ते एकदम जागे झाले. तलाठी कार्यालयासमोर गर्दी झाली. तोटा जवळ आला तेव्हा वेळही सापडला.

२०२५ मध्ये राज्य सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, ती मला याच कारणासाठी नीट रचलेली वाटली. १ एप्रिल ते १० मे अशी तिची मुदत होती, पण मुदतीपेक्षा तिच्यातल्या पायऱ्या महत्त्वाच्या. आधी चावडी वाचन करून गावातल्या मयत खातेदारांची यादी, मग वारसांनी कागदपत्रं देण्यासाठी ठरावीक दिवस, मग फेरफार. चावडीवर नावं वाचली गेली की घरात झाकून ठेवलेला विषय गावासमोर येतो, आणि तो काढण्याचं पाप कुठल्याही भावाच्या माथी येत नाही. ते तलाठ्यानं केलेलं असतं. नगरजवळच्या हिवरे बाजारनंही पाण्याच्या बाबतीत हेच केलं. पावसाळा संपला की गावच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावरून ठरवायचं. पिकासाठी बोअर नाही, हे एकदाच ठरलेलं असल्यामुळे दर उन्हाळ्यात प्रत्येक शेतकऱ्याला ते स्वतःशी नव्यानं भांडून ठरवावं लागत नाही. त्या गावाच्या शिस्तीचं कौतुक करताना लोक तिथल्या माणसांच्या निश्चयाबद्दल बोलतात. निश्चय आहेच. पण रोज निश्चय करावा लागू नये अशी व्यवस्था त्यांनी लावली, याचं कौतुक मला जास्त वाटतं.

आपल्या घरातला खातेदार जाऊन तीन महिने उलटले असतील आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव असेल, तर या आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि तो घरात आणखी एकाला सांगा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, अर्ज द्या. पोच घ्या, पोचेवर तारीख पडली आहे ना ते पाहा, आणि नोटीस केव्हा निघणार ते विचारूनच तिथून निघा. वाटणीचं काही ठरलेलं नसलं तरी अडत नाही. वारस नोंद म्हणजे वाटप नव्हे. वाटपाचा अर्ज वेगळा असतो आणि तो नंतर कधीही करता येतो.